लांडगीण आणि दोन लेकरं

माझं बाळ जन्मून तिसऱ्या दिवशी गेलं. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मी जिंतूरजवळच्या माहेरी ओसरीवर बसून एका चित्राचं रसग्रहण लिहीत होते. मी शाळेत चित्रकला शिकवते. पुढची पदवी बाहेरून करत होते आणि स्वाध्याय पाठवायची तारीख तोंडावर आली होती. या वर्षी राहू दे, असं सगळे म्हणत होते. मला लिहायचं नव्हतं, पण नको म्हणायचेही कष्ट नको होते. रडू तर येतच नव्हतं.

चित्र रोमच्या पुराणातलं. नदीकाठी टाकून दिलेली जुळी लेकरं, त्यांना पाजणारी लांडगीण आणि झुडपाआडून बघणारा मेंढपाळ. पुढं याच लेकरांनी रोम वसवलं म्हणे. मी लिहिलं, 'लांडगीण हे वात्सल्याचं प्रतीक आहे.' असली वाक्यं मी झोपेतही लिहू शकते.

आतून धाकट्याचं रडणं येत होतं. माझ्या भावजयीला माझ्याआधी आठवडाभर जुळं झालेलं. तिला दूध एकापुरतंच. थोरला ओढून प्यायचा. धाकट्याला बाटली, आणि ती त्याला पचत नव्हती. पोर दिवसेंदिवस वाळत चाललं होतं. इकडं माझा पदर दिवसातून चारदा भिजायचा. घरात सगळ्यांना हे दिसत होतं, पण मला विचारायची छाती कुणाची नव्हती. मीही आपण होऊन तोंड उघडत नव्हते. ते रडणं मला शेजारच्या घरातलं वाटायचं.

दुपारी आबा, माझे वडील, मेंढरं लिंबाखाली बसवून आले. त्यांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. चित्र हातात घेऊन त्यांनी आधी मेंढपाळाला झाडलं.

"ह्यो मेंढक्या खोटा हाय. म्होरं लांडगा, अन् ह्यो नुस्ता बघायलाय? कुत्रं कुठंय ह्याचं?"

एरवी मी हसले असते. मग त्यांनी लांडगिणीवर बोट ठेवलं.

"हिची पिल्लं मेलीत."

"कशावरून?"

"थानं भरलीत, अन् जवळ सोताचं पिल्लू एक न्हाई. लय ठणकायलं आसंल तिला. माया-बिया मागून येती."

मला माहीत होतं, तरी विचारलं, "मेंढीचं कोकरू मेलं तर काय करता तुमी?"

"मेल्याचं कातडं काढायचं अन् पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधायचं. वास वळखीचा आला की मेंढी पाजती. दोन दिसांनी कातडं काढलं तरी चालतंय..."

बोलता बोलता ते थांबले. माझ्याकडं न बघता उठले आणि पाणी प्यायला म्हणून आत गेले. मी वात्सल्याचं वाक्य खोडून लिहिलं, 'या लांडगिणीची पिल्लं मेली आहेत.' त्यापुढं काही सुचलं नाही.

दिवस कलताना माय धाकट्याला घेऊन आली आणि तिनं त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. त्याच्या अंगात पिवळं झबलं होतं, डोक्याला टोपडं. दोन्ही मी हातानं शिवलेली, माझ्या बाळासाठी. दवाखान्यातून आणलेल्या पिशवीच्या तळाशी मी ती न धुता ठेवली होती.

इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा काही वाटलं, आणि तो राग होता.

"मी मेंढी हाय का, माय?"

माय रडायला लागली. दारात भावजय थोरल्याला घेऊन उभी होती, मान खाली घालून.

मी टोपडं काढलं, झबल्याचे बंद सोडले. पोराच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. कानामागं काळा तीळ होता, माझ्या भावाला आहे तसाच. माझ्या बाळाला तिथं काही नव्हतं. मी त्याला नीट बघून घेतलं.

"ह्याचं झबलं आण," मी भावजयीला म्हणाले. "ह्याचंच."

ती आत वळली. ती येईपर्यंत मी थांबले नाही. त्याला तसंच उघडं पदराखाली घेतलं.