त्या एपिसोडात होस्ट वेगळी होती

या ग्रुपवरचे जुने लोक मला ओळखतात. कोणाला पिंपळाखाली बाई दिसली, कोणाच्या मागून घाटात कोणी चालत आलं, की खाली माझी एका शब्दाची कमेंट ठरलेली - "पुरावा?" दोनदा अ‍ॅडमिनने मला समजही दिली आहे. भूत, करणी, अंगात येणं... यातल्या कशावरच माझा काडीचा विश्वास नव्हता आणि, राग मानू नका, आजही नाही. तरी लिहितोय. दुसरीकडे लिहिलं तर लोक वेड्यात काढतील, इथे निदान सगळे सारखेच.

मी नागपूरला नंदनवनमध्ये राहतो. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, घरात मी, बायको वर्षा आणि बाबा. मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. बाबा मूळचे उमरेडचे, विणकर घरातले, आता वय चौऱ्याहत्तर. उभा जन्म हातमागावर गेला. माग कधीच मोडीत निघाला, पण त्यांचं भिंग आणि सुई अजून कपाटात आहे. कापडावर भिंग ठेवायचं, सुईच्या टोकाने एकेक धागा सरकवायचा आणि एका इंचात उभे धागे किती ते मोजायचं... हे काम त्यांच्याइतकं पक्कं करणारा माणूस उमरेडमध्ये नव्हता. व्यापारी भांडण मिटवायला बाबांकडे कापड आणायचे.

आमच्या घरात एक पद्धत होती. बाबा मोजत असताना कोणी बोलायचं नाही. पाहुणा आला तरी दारात उभा राहायचा, आई ओठांवर बोट ठेवून त्याला खुणावायची. मोजून झालं की बाबा आकडा मोठ्याने सांगायचे आणि समोरच्याने तो तसाच परत म्हणायचा. परत म्हटला की आकडा पक्का. लहानपणापासून ते परत म्हणायचं काम माझं होतं. हे लक्षात ठेवा.

गेल्या वर्षी टीव्हीवर एक गेम शो सुरू झाला. नाव देत नाही, चॅनेलचंही नाही. कुंभार, सुतार, शिंपी, असे हाताने काम करणारे लोक बोलवायचे आणि त्यांना त्यांच्याच कामातला प्रश्न विचारायचा. साठ सेकंदांत उत्तर. कल्पना किती चांगली! बाबांना न विचारता मी फॉर्म भरला. निवड झाल्याचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मले नाही जमत गा ते टीव्ही-बिवी." मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला फक्त मोजायचं आहे." मुंबईला नेलं. मी सोबतचा माणूस म्हणून प्रेक्षकांत पहिल्या रांगेत, त्यांच्या अगदी समोर बसलो.

प्रश्न काय आला माहीत आहे? समोर कापडाचा तुकडा, भिंग आणि सुई - "एका इंचात उभे धागे किती?" मला वाटलं, जिंकलो. साठ सेकंद बाबांना पुरेसे होते. त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि गप्प झाले. मोजणारा माणूस गप्पच असतो हो!

पण त्या होस्टला गप्प बसलेला माणूस सहन होईना. चकचकीत कोट, पांढरेशुभ्र दात. "काका, मोजताय की डुलकी लागली?" लोक हसले. बाबांनी मान वर केली, सुई सरकली, परत पहिल्यापासून. "काका, धागे आहेत, संत्र्याच्या फोडी नाहीत!" नागपूरचा माणूस म्हटला की संत्र्याचा विनोद झालाच पाहिजे, नाही तर यांचा पगार कापतात बहुतेक. पुन्हा हशा, पुन्हा पहिल्यापासून. मग बझर. बाबा एवढंच म्हणाले, "मोजून राहिलो होतो ना..." आणि त्या माणसाने, वडिलांच्या वयाच्या माणसाची नक्कल करत, मान हलवत, आमच्या नागपुरी बोलीतलं तेच वाक्य तीन वेळा म्हटलं. "मोजून राहिलो होतो! राहा काका, राहा!" सगळा स्टुडिओ हसत होता.

हो, मीही हसलो. लपवत नाही. तिथे एक जण हात वर करून खूण करतो, त्यावर हसायचं-टाळ्या वाजवायच्या असतात. सगळे हसले, मीही हसलो. होस्ट दुसरा असता, जरा माणसासारखा असता, तर बाबा जिंकले असते आणि हसण्याची वेळच आली नसती. हे मी त्यानंतर निदान शंभर लोकांना सांगितलं असेल.

त्या वाक्याचं रील झालं. आमच्या गल्लीतली कॉलेजची पोरं बाबा दिसले की ओरडायची, "काका, मोजून राहिले का?" बाबा संध्याकाळी खाली बाकावर बसायचे, सक्करदऱ्यापर्यंत पायी जायचे, ते बंद झालं. मग बोलणंच बंद झालं. वर्षाशी थोडं, तेही पुस्तकातल्या भाषेत - "मला पाणी दे." बाबा आणि "मला"! माझ्याशी तर हो-नाही एवढंच. भिंग कपाटात मागे सरकवून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठीक आहे, मन रमवा. कशात रमवा? मी चॅनेलला दोन पत्रं लिहिली. जाहीर माफी मागा म्हणून. उत्तर आलं - "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." अभिप्राय? माझा बाप आठ महिने मुका होता आणि हे अभिप्राय म्हणतात!

आता मुद्द्याची गोष्ट.

मे महिना, दुसरा शनिवार, म्हणजे मला सुट्टी. दुपारचे अडीच. बाहेर ऊन मी म्हणत होतं, कूलर पूर्ण जोरात. वर्षा स्वयंपाकघरात लोणच्यासाठी कैऱ्या कापत होती. बाबा दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. टीव्ही उगाच सुरू होता, आणि अचानक त्या शोचं संगीत वाजलं. पुनःप्रक्षेपण. पडद्यावर बाबांचा पांढरा सदरा दिसला. मी रिमोट शोधायला लागलो. आमच्या रिमोटला मागे झाकण नाही, रबर लावलेलं आहे, ते निसटून सेल दिवाणाखाली गेले. मी गुडघ्यांवर बसून सेल शोधत असताना बाईचा आवाज आला - "बसा बाबा. घाई नाही."

मी वर पाहिलं.

स्टुडिओ तोच. बाबा तेच, तोच सदरा, खिशाला तेच पेन. पण तो कोटवाला नव्हता. त्याच्या जागी पन्नाशीच्या पुढची एक बाई होती. साधी सुती साडी, दोरीला अडकवलेला चष्मा. ती उभी नव्हती, बाबांच्या शेजारी स्टूल ओढून बसली होती. आणि कमेंट करायच्या आधीच सांगतो - नाही, ती माझी आई नव्हती! प्रत्येक गोष्टीत मेलेली आई यायलाच पाहिजे का? या बाईला मी त्याआधी कधीच पाहिलेलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

बाबांनी भिंगाला डोळा लावला. बाई प्रेक्षकांकडे वळली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. बस्स. सगळा स्टुडिओ चिडीचूप. घड्याळाचे आकडे उतरत होते आणि टीव्हीवर कोणीच बोलत नव्हतं... टीव्हीवर इतकी शांतता मी कधी ऐकलेली नाही. दिवाण वाजला. बाबा उठून बसले होते. त्यांची बोटं मांडीवर सुई धरल्यासारखी हलत होती.

सात सेकंद उरले असताना पडद्यावरच्या बाबांनी मान वर केली. "चौऱ्याऐंशी."

बाई म्हणाली, "चौऱ्याऐंशी."

बरोबर किंवा चूक, काही नाही. आधी आकडा परत म्हटला. आमच्या घरातली पद्धत त्या बाईला कोणी सांगितली? मग ती हसली, म्हणाली, "बरोबर," आणि टाळ्या. मग जाहिरात लागली, कसल्या तरी पंख्याची.

खोलीत बाबा म्हणाले, "चौऱ्याऐंशीच होते. मले तवाच वाटलं होतं." आठ महिन्यांनी "मले" ऐकलं. वर्षा हातात कैरी घेऊन दारात उभी होती. तिने पडद्यावरचं काही पाहिलेलं नव्हतं, फक्त टाळ्या आणि आकडा ऐकला होता. तिला वाटलं, बाबा ज्यात जिंकले असा कोणता तरी दुसरा भाग असावा. दुसरा भाग नाहीच, हे मी तिला सांगेपर्यंत फोन वाजला.

उमरेडहून सुमनआत्या. बाबांची धाकटी बहीण, तीही घरी हाच शो पाहत होती. "दादाले दे फोन!" ती रडत होती. बाबा तिच्याशी अर्धा तास बोलले. "हाव वं, चूप बसली ना ते बाई... हाव, आकडा बी म्हणला तिनं." म्हणजे पन्नास किलोमीटरवर, वेगळ्या घरात, वेगळ्या टीव्हीवर, आत्याने तेच पाहिलं होतं. आमच्या कूलरपुढे तिला डुलकी लागली नव्हती ना? मग मला भास झाला म्हणणाऱ्यांनी आधी आत्याला समजावून दाखवावं.

सोमवारी मी चॅनेलला ईमेल केला. उत्तर आलं - शनिवारी दाखवलेला भाग मूळ भागच होता, कार्यक्रमाचा होस्ट कधीही बदललेला नाही. नेटवरही तोच आहे. कोट, दात, संत्री, सगळं जिथल्या तिथे.

इथपर्यंत लिहून मी ही पोस्ट टाकणार होतो. पण एक गोष्ट मी वर गाळली आहे. इतरांच्या पोस्टवर तीन वर्षं पुरावे मागितल्यावर ती गाळणं बरं नाही.

त्या दिवशी बाबांशी बोलून झाल्यावर आत्याने फोन मला द्यायला सांगितला. म्हणाली, "सारे कसे चूप होते गा, पिन पडली तं आवाज येईन. मंग तू एकटाच काहून हसून राहिला होता?"

मी पाहिलं होतं. ती बाई ओठांवर बोट ठेवून बसलेली, सगळी रांग शांत, आणि पहिल्या रांगेत मी. खाली मान घालून, तोंडावर हात धरून हसत होतो. कोणी खूण केली नव्हती. कोणी विनोद केला नव्हता. होस्ट बदलली, प्रेक्षक बदलले, निकाल बदलला... मी तसाच. आत्याला म्हटलं, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला.

मग, रात्र जागून वगैरे नव्हे, ऑफिसातच, जेवणाच्या सुट्टीत मी नेटवरचा मूळ भाग पाहिला. हळू करून पाहिला. बाबा भिंगावर वाकतात. चार सेकंद जातात. पहिल्या रांगेत मी हसतो... बाप बावळटासारखा गप्प दिसतोय, सगळे बघताहेत, मला लाज वाटली होती तेव्हा, आता आठवतं. होस्ट माझ्याकडे बघतो. आणि मग तो पहिला विनोद करतो, डुलकीचा. माझं हसू आधी, त्याचा विनोद नंतर. चॅनेलला पाठवायचं तिसरं पत्र माझ्या टेबलाच्या खणात तयार होतं, ते मी फाडलं.

बाबा आता बरे आहेत. बाकावर बसतात. परवा त्या पोरांनी पुन्हा ओरडून विचारलं तर म्हणाले, "हाव, मोजून राहिलो, चूप बसा!" भिंगही काढलं आहे. काल ते वर्षाच्या एका जुन्या साडीचे धागे मोजत होते. मला विचारायचं होतं, धीर होत नव्हता. मी गप्प उभा राहिलो. मोजून झालं, ते म्हणाले, "बहात्तर." मी म्हटलं, "बहात्तर." मग विचारलं, "बाबा, त्या दिवशी टीव्हीवर तुम्ही मला पाहिलं का?"

त्यांनी सुई डबीत ठेवली. "टीव्हीवर कायले? तिथंच आयकलं होतं, मुंबईले. तुयं हसणं मले वळखू येते ना गा. तो बोलाच्या आधीच माही मोजणी चुकली होती."

एवढं बोलून त्यांनी साडीची घडी घातली आणि वर्षाला चहा मागितला.

ती बाई कोण होती, हे मला माहीत नाही. कोणाकडे स्पष्टीकरण असेल तर खाली लिहा, मी "पुरावा?" विचारणार नाही. मी का हसलो, याचं स्पष्टीकरण मात्र मलाच द्यायचं आहे, आणि बाबांनी ते अजून मागितलेलं नाही.