पाय जपा, आप्पा

नीलाक्का कुणाचं वाईट चिंतत असेल, हे आमच्या माकणीत सांगूनही कुणाला पटलं नसतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकायचा तिचा घरगुती धंदा. अंगानं सुटलेली, चेहरा हसरा, कपाळावर विभूतीची बारीक रेघ. तिची आणि आमची भिंत एकच, त्यामुळं तिच्या तव्याचा वास आणि तिचं बोलणं, दोन्ही मला बसल्या जागी मिळतं. ही बाई आपल्या थोरल्या दिराला, मल्लिनाथ आप्पांना, जिथं भेटेल तिथं एकच विचारायची, "आप्पा, पाय बरे हायत ना?"

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात आंबील आणि भज्जीचा डबा त्यांच्या कडब्याच्या कोपीपर्यंत स्वतः नेऊन द्यायची आणि म्हणायची, "गुडघ्याला तेल लावत जावा. पाय लागणार हायत." परक्या माणसाला वाटावं, काय ही भावजयीची माया! आप्पांच्या हातातला द्रोण मात्र तिथंच थांबायचा.

त्यांना ठाऊक होतं. आम्हालाही.

नीलाक्काचे मालक धोंडप्पा हे खतबियाणांच्या दुकानात आप्पांच्या हाताखाली राबले. थोरल्यानं गल्ल्यावर बसायचं, धाकट्यानं पोती मोजायची. या माणसाला जन्मात एकच हौस होती. सोलापूरच्या एका डॉक्टरकडून त्यांनी लाल रंगाची, दोन दारांची, दोनच सीटची गाडी घेतली होती. कापडी टप मागं सारला की वर आभाळ. गोव्याकडं काही वर्षं असल्या गाड्या बनत होत्या म्हणे. बॉडी फायबरची, जमिनीला टेकलेली, उसाच्या ट्रॉलीशेजारी उभी राहिली की खेळण्यातली वाटायची. धोंडप्पांनी तिच्यावरच माळावर बायकोला गाडी शिकवली. "क्लच सोड हळू, भाकरी उलटल्यासारखा," हे त्यांचं वाक्य नीलाक्का अजून सांगते.

मग नोंदणीची मुदत संपली, इंजिन बसलं, आणि गाडी त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडात जाऊन राहिली. "पुढच्या सुगीला काढू," म्हणत म्हणत धोंडप्पा हार्टनं गेले.

त्यांच्या शिवगणाराधनेच्या दिवशीची गोष्ट. अंगणात पंगत बसलेली, जंगम स्वामी पाटावर, नीलाक्का आतल्या खोलीत भिंतीला टेकून. तेवढ्यात शेडाकडून टेम्पोचा आवाज आला. आप्पांनी भंगारवाला बोलावला होता. त्यांना शेड खताची पोती ठेवायला पाहिजे होतं. आणि मयताच्या जेवणाला चार माणसं हाताशी असतात, गाडी उचलायला बरी.

भंगारवाल्यानं बॉनेटवर बोटांनी ठोकलं. बादलीसारखा आवाज आला.

"मालक, हिच्यात लोखंडच न्हाय. काय करू नेऊन?"

"फुकट ने," आप्पा म्हणाले. "माझा भाऊ पण असाच होता. वरनं रंग, आत पोकळ."

पंगत हसली. सगळी नाही, पण हसली. मी वाढायला होते, माझ्या हातात भाताची परात होती, आणि हसणाऱ्यांची तोंडं मला आजही एकेक करून सांगता येतील.

नीलाक्का बाहेर आली. रडून चेहरा सुजलेला. ती टेम्पो आणि गाडी यांच्या मधोमध उभी राहिली. म्हणाली, "ही गाडी रस्त्यावर येईल."

"रस्त्यावर?" आप्पांनी पंगतीकडं बघत विचारलं. "अगं, सरकारनं जर ही डबी रस्त्यावर सोडली ना, तर वेशीपासून महादेवाच्या देवळापर्यंत मी हिच्यापुढं अनवाणी चालत जाईन!"

"बेल उचला."

आप्पांना वाटलं, गंमत आहे. पण तिनं पूजेच्या ताटातला बेल आणून त्यांच्या पुढ्यात धरला. स्वामी बघत होते, पंगत बघत होती. आमच्याकडं बेल उचलून दिलेला शब्द माणूस मोडत नाही. मोडला तर त्याच्या दारी सोयरीक करायला कुणी येत नाही. आप्पांना मागं सरता येईना. हसत हसतच त्यांनी बेल उचलला.

त्या दिवसापासून नीलाक्का त्यांच्या पायांची चौकशी करू लागली.

लोहाऱ्याचा गोरोबा मिस्त्री येऊन शेडातच इंजिन उतरवून बसला. हा माणूस कामापेक्षा तोंडानं जास्त चालायचा. "अक्का, ही गाडी म्या विमानासारखी करतो," असं तो दर खेपेला म्हणायचा आणि पुढची खेप महिन्यानं यायची. पण नीलाक्काला घाई नव्हती. भाकरीच्या धंद्यातून उरेल तसं काहीतरी आणायची. कधी टायर, कधी ब्रेकची नळी. मी विचारलं, "अक्का, एवढा सोस कशाला? आप्पा म्हातारे झाले आता."

"म्हणूनच," ती पीठ मळता मळता म्हणाली. "पाय चालतायत तवर झालं पायजे."

तिच्या तोंडून असलं काही इतक्या गोडीनं निघायचं की मला दचकायलासुद्धा उशीर व्हायचा.

इंजिन सुरू झालं तेव्हा अख्खी गल्ली बघायला आली. पण इंजिन सुरू होणं म्हणजे रस्त्यावर येणं नव्हे, हे आप्पांनीच चौकात जाहीर केलं. "पासिंग झालेलं दाखवा मला. सरकारनं सोडली तर, असं म्हणालो व्हतो मी." त्यांचंही बरोबर होतं. गाडी वारस म्हणून नीलाक्काच्या नावावर करायची आणि नोंदणीचं नूतनीकरण, यासाठी धाराशिवला आरटीओ कचेरीत नेऊन तपासणी करून घ्यायची होती. आणि मुदत संपलेली गाडी रस्त्यावरून चालवत नेता येत नाही; कशावर तरी चढवूनच न्यायची.

गावातला एकही टेम्पोवाला मिळेना. खत उधार आप्पांच्या दुकानातून मिळतं ना! एकाचा टेम्पो बिघडला, एकाची सासू आजारी पडली. शेवटी नीलाक्कानं माहेरी ढोकीला फोन केला. तिचा भाऊ नंदीश उसाची ट्रॉली घेऊन आला. ट्रॉलीत पाचट अंथरलं, दोन फळ्या लावून लाल गाडी वर चढवली, कासऱ्यांनी आवळली. वरातीत नवरी बसवावी तशी गाडी ट्रॉलीत बसली, आणि आम्ही दोघी नंदीशच्या शेजारी मडगार्डवर.

आप्पा दुकानाच्या पायरीवर उभे होते. म्हणाले, "कारखान्याच्या गव्हाणीत टाका तिला, रस तरी निघंल!"

नीलाक्कानं वरूनच विचारलं, "पाय बरे हायत ना, आप्पा?"

धाराशिवच्या मैदानात तपासणीला एक तरुण बाई होत्या, रोहिणी मॅडम. त्यांनी हेडलाइट बघितले, वायपर बघितले, ब्रेक मारायला लावला. गाडी नीलाक्का स्वतः चालवत होती, पदर खोचून. मग मॅडम मागं जाऊन म्हणाल्या, "डावा इंडिकेटर द्या."

उजवा लुकलुकला.

गोरोबा पुढं सरसावला. "मॅडम, समोरून बघितलं तर डावाच हाय की!"

"मागून येणारा ट्रकवाला समोरून बघणार आहे का?" मॅडम म्हणाल्या आणि बॉनेट उघडायला सांगितलं.

खरी अडचण तिथं निघाली. फ्रेमवर कोरलेला चेसिस नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवून बघायचा असतो, त्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घ्यायचा असतो. नंबराच्या जागी बोटभर जाडीचा, तांबडा-पांढरा, टणक थर होता.

"हे काय आहे?"

"पूजा," नीलाक्का म्हणाली.

दर खंडेनवमीला धोंडप्पा दुकानातला तराजू पुजून झाला की बॉनेट उघडायचे. गाडीचं कपाळ कुठलं, तर हे, असं त्यांनी ठरवून टाकलेलं. नंबरावर तेलाचं बोट, त्यावर कुंकू, त्यावर विभूती. ते गेल्यावर नीलाक्कानंही तेच चालू ठेवलं. शेंदराचा देव वाढत जावा तसं ते कपाळ वाढत गेलं होतं.

मॅडमनी हात जोडले, मग हात खाली घेतले. "ताई, श्रद्धा कळते मला. पण नंबर दिसल्याशिवाय ही गाडी कुणाची, हे मी कसं लिहू? साफ करून आणा. इंडिकेटरही."

ट्रॉली तशीच परत आली. आम्ही वेशीतून आत शिरायच्या आधीच बातमी पोचली होती. आणि आप्पांनी काय करावं? पेढे वाटले. देवळापुढं बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून. वर सांगितलं, "नंबर कधीच गंजून गेलाय. बिननंबरची गाडी म्हंजी बिनकुळाचं माणूस." एक पेढा त्यांनी पानात बांधून नीलाक्काकडंही पाठवला.

तिनं तो उभ्या उभ्या खाल्ला. पाणी प्याली. मला म्हणाली, "चांगला हाय. खवा ताजा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला शेडात हाक मारली. बॉनेट उघडं होतं. तिच्या हातात नारळाची करवंटी आणि शेंगदाण्याच्या तेलाची वाटी. लोखंडानं खरवडलं तर आकड्यांवर ओरखडे जातील म्हणून करवंटी. पण ती नुसती उभी होती.

"शिवरंजनी, हे वरचे थर माझे. खालचे यांच्या हातचे हायत गं. इथं बघ, हे यांचं बोट." खरंच, एका कडेला बोटाचा खळगा होता. असेल कुणाचाही, पण ती म्हणाली म्हणजे धोंडप्पांचाच.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "राहू द्या, अक्का. त्यांची एवढीच खूण उरली आहे. गाडी राहू द्या शेडात. आप्पा हसून हसून किती हसतील?"

तिनं त्या खळग्यात आपलं बोट ठेवून बघितलं. मग तिनं त्यावर तेल ओतलं.

"पेढे वाटलेत त्यांनी, शिवरंजनी," ती म्हणाली आणि करवंटी चालवली.

तांबडं निघालं, पांढरं निघालं, पुन्हा तांबडं. प्रत्येक पापुद्रा ती वाटीत गोळा करत होती. सगळ्यात खाली, तेलानं चिंब, आकडे उघडे पडले. बाकीची फ्रेम जागोजागी गंजलेली, पण एवढी वीतभर जागा काळीभोर, लखलखीत! वर्षानुवर्षांच्या तेलानं तिथं गंज शिरूच दिला नव्हता. नीलाक्कानं एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. मग वाटी घेऊन ती शेतात गेली आणि तो तांबडा-पांढरा चुरा तिनं धोंडप्पांच्या समाधीच्या मातीत मिसळला.

दुसऱ्या खेपेला रोहिणी मॅडमनी छाप घेतला, आकडे जुळवले, इंडिकेटर दोनदा लावून बघितला आणि सही केली. नीलाक्कानं त्यांना शेंगाचटणीचा डबा पुढं केला. त्यांनी घेतला नाही, पण वास मात्र घेतला. विमा, पीयूसी, नंबरप्लेट सगळं रीतसर. परतताना ट्रॉली लागली नाही. वेशीबाहेर नीलाक्कानं गाडी थांबवली आणि माझ्या हातून आप्पांना निरोप धाडला: "सोमवारी सकाळी. मी वेशीत थांबते."

रविवारी आप्पांच्या मालकीण, भुवनेश्वरीबाई, आमच्या समोरून नीलाक्काकडं गेल्या. भिंतीला भिंत लागून असल्यानं मला ऐकू येणारच.

"नीला, त्यांना साखर हाय. पायाला खडा रुतला तर जखम भरत न्हाय. पोरगा चालंल त्यांच्या बदली. तुझ्या पाया पडते."

"पाया पडू नका, जाऊबाई. बेल पोरानं उचलला न्हवता."

"एवढं कठोर हून काय मिळणार तुला?"

पलीकडं भाकरी थापायचा आवाज थांबला.

"बरं. अनवाणी नगं. तेवढं सोडलं मी," नीलाक्का म्हणाली. "चप्पल मी देते. पण मी देईन तीच घालायची."

सोमवारी वेशीत गाव लोटलं. आप्पा आले, धुवट धोतर, पांढरा सदरा, पाय मोकळे. नीलाक्का गाडीतून उतरली आणि तिनं त्यांच्यापुढं चामड्याच्या वहाणांचा जोड ठेवला. पुरुषी, अंगठ्याजवळ झिजलेला, नवं तेल दिलेला.

आप्पांनी खाली बघितलं आणि ओळखलं. डाव्या वहाणेचा अंगठा एका बाजूला कललेला होता. धोंडप्पा तसेच चालायचे. ज्या धाकट्यानं जन्मभर पायांवर डोकं ठेवलं, त्याच्या वहाणा थोरल्यानं पायात घालायच्या.

"नीला..." आप्पा म्हणाले.

"सुम्न इरी, आप्पा," ती हलक्या आवाजात कानडीत म्हणाली. गप्प राहा. "सरकारनं सोडली तिला. चला."

त्यांनी वहाणा घातल्या. पुढं ते, मागं पहिल्या गिअरमध्ये लाल गाडी, टप उघडा. शेजारच्या सीटवर धोंडप्पांचा फोटो. आप्पा दुकानाशी जरा थांबले, तर तिनं हॉर्न दिला, एकदाच. पारापाशी ते कठड्याला टेकले, कुणीतरी म्हणालं, "अक्का, बसवून घ्या की त्यांना गाडीत."

"सीटा दोनच हायत," ती म्हणाली. "दुसरीवर ते हायत."

आप्पा उठले. देवळाशी पोचले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. पायरीशी वहाणा काढून त्यांनी नारळ फोडला. तो पहिल्या फटक्यात फुटला नाही. नीलाक्का स्टीअरिंगवर हात ठेवून थांबली. दुसऱ्या फटक्यात फुटला. कुणीही हसलं नाही. पंगतीत हसलेली तोंडं मी शोधत होते. सगळी जमिनीकडं बघत होती.

दर्शन घेऊन आप्पा बाहेर आले. मला वाटलं, आता ती वहाणा उचलून घेईल. तिनं गाडी वळवली.

"घालून जावा घरी. तुमच्या भावाच्याच हायत. साखर हाय तुम्हाला."

खड्यांच्या रस्त्यावर ते अनवाणी जाऊ शकत नव्हते. त्यांनी घातल्या.

आप्पांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच, आणि तो जोड अजून तिथं उंबऱ्यापाशी आहे. परत पाठवायला त्यांचा हात धजत नाही, आणि टाकून कसा देणार? गिऱ्हाईक येतं, आतबाहेर करताना त्याचं पाऊल त्यावर पडतं, आणि आप्पा गल्ल्यावरून ओरडतात, "बाजूनं, बाजूनं!" मी एकदा नीलाक्काला म्हटलं, "झालं ना आता? मागून आणा त्या वहाणा."

तिनं भाकरी उलटली.

"राहू देत तिथंच," म्हणाली. "रोज दिसू देत."

परवा बाजाराला जाताना लाल गाडी आप्पांच्या दारावरून गेली. तिनं वेग कमी केला, काचेतून वाकून उंबऱ्याकडं बघितलं, आणि गोड आवाजात विचारलंच, "आप्पा, पाय बरे हायत ना?"