सगळ्यांच्या घरचं धान्य

बोरगावहून मी निघाले तेव्हा आई रडली नाही. ती सलोमीबाईंच्या गाडीतली पोती हुंगत होती.

सलोमीबाई बेळगावच्या एका मराठी चर्चच्या मंडळीतल्या विधवा बाई. दवाखान्यात सुईणपण करायच्या आणि मंडळीची मदत घेऊन गावोगाव फिरायच्या. मला दवाखान्याच्या कामाला न्यायचं म्हणून त्या माझी वळकटी गाडीत ठेवत होत्या, आणि आई एकेका पोत्यात हात घालून मूठ वर काढायची, वास घ्यायची, परत टाकायची.

"हिला तिथं काय घालणार खायाला?" आईनं विचारलं.

"आम्ही खातो तेच."

"कुणाच्या घरचं?"

"सगळ्यांच्या घरचं," सलोमीबाई हसून म्हणाल्या.

त्यांना वाटलं असेल, याहून चांगलं उत्तर नाही. आईला याहून वाईट उत्तर मिळालं नसतं. तिनं मला बाजूला ओढलं, हातात जोंधळ्याचं गाठोडं आणि मिठाची पुरचुंडी दिली, आणि हळूच म्हणाली, "आपलंच शिजवून खा, तानी. त्यांच्या मुठीतलं खाल्लंस तर आपल्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नगंस. ऐकलंस न्हवं?"

गंगीच्या पोरींनो, हे तुम्ही तुमच्या आईला वाचून दाखवालच. गंगी माझी धाकटी बहीण, तेव्हा सहा वर्षांची होती, तिला यातलं थोडंच आठवत असेल. आणि गाव सोडून माझ्यासारख्याच बेळगावच्या कॅम्पातल्या दवाखान्यात आलेल्या बायकांसाठीही हे लिहिते आहे. त्यांना तरी "मुठीतलं" म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. तुम्हाला सांगते.

त्या साली गाठीच्या तापानं, म्हणजे प्लेगनं, गाव रिकामं झालं होतं. सगळे माळावर झोपड्या घालून राहत होतो. बाप गेला होता, पेरणी झाली नव्हती. अशात बेळगावहून पोती आली. तोंड सोडलं आणि बायका मागे सरकल्या. आत जोंधळा, तांदूळ, नाचणी, मसूर, तूर सगळं एकत्र. आमच्याकडे दुखणं हटेना झालं की घराघरांतून मूठमूठ धान्य मागून आणायचे, ते एकत्र करायचे, आजाऱ्यावरून ओवाळायचे आणि गावाच्या शिवेवर टाकून द्यायचे. त्याला कोणी शिवत नसे. कोंबडी गेली तरी हाकलायचे. दुखणं त्या धान्याबरोबर जातं, ज्याच्या पोटात धान्य त्याच्या अंगात दुखणं, असा हिशेब.

"शहरातला ताप ववाळून काढलाय, आन् टाकायला आपली शीव गावली व्हय ह्यास्नी!" शेजारच्या भागीकाकू म्हणाल्या. त्यांचा नवरा त्याच तापात गेला होता, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होतं.

तरी प्रत्येक घराच्या वाट्याला आलं ते बायकांनी पदरात घेतलं, कारण पाहुण्या बाईच्या तोंडावर नाही म्हणायचं नसतं. सलोमीबाई पुढच्या गावाला गेल्या आणि बायका रांगेनं नदीवर. मी बरोबर होते. आईनं भागीकाकूंच्या डोळ्यांदेखत धान्य बांधलेलं धुडकं पाण्यावर झटकलं. माझ्या पोटात कावळे ओरडत होते, पण जीव वाचला म्हणून बरंही वाटलं. त्या आठवड्यात आमचं नशीब उघडलं. एक दिवस मसुरीची आमटी, एक दिवस नाचणीची आंबील, आणि एक दिवस सण नसताना दोन-दोन घास भात. मामानं पाठवलं, असं आई म्हणाली.

मग अशा माणसांबरोबर आईनं मला धाडलं का? चुलत्यानं माझ्यासाठी संकेश्वरचा चाळिशीतला बिजवर पाहून ठेवला होता. आईला सलोमीबाईंचा संशय होता, चुलत्याचा त्याहून जास्त. दोन संशयांतला लांबचा तिनं निवडला, एवढंच. पुढे पुष्कळ लोकांनी मला विचारलं, तुझी आई सुधारकी विचारांची होती का? छे. ती फक्त घरातल्या माणसांना जास्त ओळखून होती.

बेळगावात दवाखान्यामागे मुलींची राहायची चाळ होती. पहिल्या दिवशी मी परसात तीन दगड मांडले आणि माझा जोंधळा माझा मी शिजवला. सलोमीबाईंनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथं सरपण आणून टाकलं. मुली मला "तीन दगडांची राणी" म्हणायच्या. मी त्यांच्या स्वयंपाकघरावर लक्ष ठेवून होते. चुलीशेजारी एक झाकणाचं मडकं असे. भात टाकायच्या आधी किंवा दळायला बसायच्या आधी एक मूठ त्या मडक्यात जायची. हे केवळ चाळीत नव्हे, मंडळीतल्या घराघरांत. शहापूरला माग चालवणाऱ्या घरांत जोंधळ्याची मूठ, खानापूरकडच्यांची तांदळाची, कॅम्पात झाडलोट करणाऱ्यांची नाचणीची. रविवारी सगळी मडकी चर्चमध्ये यायची आणि वेदीसमोरच्या पोत्यात रिकामी व्हायची. तीच आमच्या माळावर आलेली पोती.

स्वतःला पुरत नाही त्यातलं माणूस काढून देतो, याचा अर्थ मला एकच लागला: याच्या मागे काहीतरी आहे. मी ते शोधत बसले. आणि सापडलंही, खोटं कशाला सांगू? एका बऱ्या घरची मडक्यातली मूठ कायम किडक्या तुरीची असायची. मंडळीतले एक पंच म्हणायचे, धान्य घ्यायला येणाऱ्यांना आधी प्रार्थनेला बसवा, मग द्या. दोनदा त्यांनी तसं केलंही. तिसऱ्यांदा सलोमीबाई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "उपाशी माणसाला आमेन म्हणायला लावाल तर ते त्याचं पोट म्हणेल. देवाला पोटाचा आवाज ओळखू येतो." पंच लाल झाले. पुढच्या रविवारी पोती दाराबाहेर, व्हरांड्यात मांडली गेली. मी मनात दोन्ही नोंदवून ठेवलं, पंचांचं आणि सलोमीबाईंचं.

माझं गाठोडं किती दिवस पुरणार? शेवटच्या मुठीचं पीठ मी दोन दिवस ताणलं. तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या बादल्या उचलताना चक्कर आली. शुद्धीवर आले तेव्हा समोर भाताची थाळी होती. मी खाल्लं. बारा वर्षांच्या पोरीनं आणखी काय करावं? पण खोटं बोलायची सोय नव्हती, आई तोंड बघून ओळखायची. म्हणून तंबाखूच्या गाड्या निपाणीकडे परत जायच्या तेव्हा एका ओळखीच्या गाडीवानाबरोबर निरोप धाडला: जोंधळा संपला, त्यांचं खाल्लं. महिन्यानं उत्तर आलं: "यायचं तवा ये. कट्ट्यावर बसायचं."

तेव्हापासून तीसहून जास्त वर्षं मी माझ्या घराच्या कट्ट्यावर बसले. दर दिवाळीनंतर रजा घेऊन जायची. तोवर लोक माळावरून केव्हाच घरात परतले होते. आई आतून मातीच्या परळात भाकरी आणि पिठलं आणून ठेवायची, माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. गंगीचं लग्न झालं, जावई घरीच राहायला आला, तुम्ही पोरी झालात. तुमची बाळंतपणं... म्हणजे तुमच्या आईची, मीच केली असती. हात त्यात मुरलेला. पण मी कट्ट्यावर, आणि आत अडाणी सुईण. मी भिंतीआडून ओरडून विचारायची, "पाणी उकळलं का?" भागीकाकू समोरच्या दारात बसून राखण करायच्या. "तानी, बाटलीस म्हणं तू?" "न्हाय, काकू." "मग तुला पोसत्यात कशाला?" मी बाप्तिस्मा घेतला नव्हता, अजूनही घेतलेला नाही. गावाला वाटायचं गुपचूप घेतलाय, मंडळीला वाटायचं आज ना उद्या घेईल. दोन्हीकडे माझ्यावर डोळा. मीही दोन्हीकडे डोळा ठेवून होते. त्यात कोणाचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

मग दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं आली. धान्य मिळेना. बोरगावकडून येणारे पेशंट सांगायचे की तिकडे दाणा नाही. या खेपेला पोतं घेऊन जायचं माझ्यावर आलं. सलोमीबाई आता म्हाताऱ्या, डोळ्यांनी अधू. मी त्यांना म्हटलं, धान्य वेगवेगळं करून न्यावं, आमचे लोक मिसळलेलं घेत नाहीत. मुलींना बसवते निवडायला.

"नको," त्या म्हणाल्या.

"का नको? त्यात धर्म कुठला आला?"

"धर्म नाही गं. वेगळं ठेवलं की दिसतं, तांदूळ कुणाचे आणि नाचणी कुणाची. पूर्वी तसंच ठेवायचे. मग नाचणीवाल्या बाया यायच्या बंद झाल्या. लाज वाटायची. म्हणून मिसळायला लागलो. पोत्यात गेल्यावर कुणाची मूठ कुठली, ते कळत नाही."

इतकी वर्षं मी या पोत्यांत खोट शोधली, आणि हे साधं कारण कोणाला विचारलं नव्हतं. देणाऱ्याची लाज झाकायला मिसळलेलं धान्य, आणि घेणाऱ्याला त्यात ताप दिसतो. दोघांच्या मध्ये मी. पोतं तसंच शिवलं.

कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार निपाणीपर्यंत, दोनदा उतरून चढ चढावा लागला. पुढे बैलगाडी. मी पोतं आमच्या कट्ट्यावर टेकवलं आणि तोंड सोडलं. तुम्ही पोरी दारात येऊन उभ्या राहिलात. गंगे, तुझ्या थोरलीच्या मनगटाची हाडं मी लांबून मोजली.

भागीकाकू काठी टेकत आल्या. पोत्यात डोकावल्या. "त्येच हाय. त्येच ववाळलेलं. एवढ्या वर्सांनी आन् पोटच्या पोरीच्या हातनं!" गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, कोणीही पुढे येईना. गंगी म्हणाली, "आक्का, घिऊन जा ते. लोक काय म्हणतील?" तिचा आवाज लोकांसाठी होता, नजर पोत्यावर होती.

तेवढ्यात आई सूप घेऊन बाहेर आली. उंबऱ्यावर बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर. पोत्यातलं सुपात ओढलं आणि पाखडायला लागली. आधी नाचणी घोळून खाली काढली, मग तांदूळ पुढे झटकून एका बाजूला, मसूर बोटानं ओढून दुसऱ्या बाजूला, तूर आणि जोंधळा मागे, वेगवेगळे. तिचे डोळे सुपाकडे नव्हते. हात आपोआप चालत होते. सुपातल्या पाच धान्यांचे पाच ढीग व्हायला, मला हे सांगायला लागला त्याहूनही कमी वेळ लागला.

मी सुईण आहे. पहिल्यांदा काम करणारा हात आणि मुरलेला हात मला कळतो. माझ्या डोळ्यांसमोर मसुरीची आमटी आली, आंबील आली, दोन घास भात आला.

मी वाकून हळूच विचारलं, "आई, मामानं काय पाठवलं होतं गं तेव्हा?"

"गप," ती म्हणाली. "भागी ऐकंल."

"मग नदीत काय झटकलंस?"

"कोंडा."

"आणि मला कट्ट्यावर बसवलंस?"

तिनं हात थांबवला नाही. "तू भाइर बसलीस म्हून गंगी आत ऱ्हायली. न्हायतर हिचं लगीन कुणी केलं असतं? एकीला तरी घर पायजे व्हतं न्हवं?" मग गल्लीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "बगा गं, येगळं केलंय. जोंधळ्यात जोंधळा, तांदळात तांदूळ. आता कुणाचं काय ववाळलंय त्यात? न्या ज्याला पायजे त्येनं."

कोणीतरी पदर पसरला. मग दुसरीनं. भागीकाकू सगळ्यात शेवटी आल्या. "माझ्यात मसूर घाल जरा जास्त. दात न्हाईत मला," म्हणाल्या. त्यांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी नदीत नेमकं काय झटकलं होतं, हे मी विचारलं नाही. संशय मात्र आहे.

पोतं रिकामं झाल्यावर आईनं आमच्या वाट्याचा जोंधळा जात्याशी ठेवला आणि म्हणाली, "तानी, आत ये. जातं वढाया दुसरं मानूस पायजे." मी चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला. जात्याचा खुंटा बदललेला होता. मी त्याला हात घातला.

निघताना आईनं माझ्या हातात एक पुरचुंडी दिली. एक मूठ जोंधळा, आमच्याच वाट्यातला. "टाक त्येंच्या पोत्यात. आपलं बी जाऊ दे." मग मला जवळ ओढून म्हणाली, "आन् बगून ये, खरंच गरिबाला देत्यात का त्ये."

आई दोन वर्षांनी गेली. पुरचुंडी गंगीकडून येते, वर्षातून एकदा, कधी जोंधळा, कधी नुसती कुळथाची मूठ. मी ती रविवारी पोत्यात रिकामी करते. मंडळीतल्या बायका आता मान वळवून पाहत नाहीत. माझं राहतं घर बेळगावात दवाखान्यामागे आहे, पण कोणी "घरचं काय आलं?" असं विचारलं की मला तीच मूठ आठवते. ती पोत्यात पडली की घर कुठलं ते कोणाला सांगता येत नाही. मलाही नाही. पोतं कुठल्या गावी जातं, कोणाच्या पदरात पडतं, हे मात्र मी प्रत्येक खेपेला बरोबर जाऊन बघते. आईनं सांगितलंय.