एका इंग्रजी शब्दाचा पंचनामा

लातुरात राहून एकाही गोष्टीवर विश्वास न ठेवता म्हातारा झालेला माणूस मी एकच पाहिला: आमचे टायपिंगवाले चाचा. नांदेडच्या गाडीत बसायचं तर ते आधी पाटी वाचत, मग कंडक्टरला विचारत, मग ड्रायव्हरला. तिघांचं एकमत झालं की त्यांचा संशय उलट वाढे. "तिघं बी एकच बोलून राहिले म्हंजे आधी ठरवून आलेत," असं पुटपुटत ते चौथ्या साक्षीसाठी एखाद्या प्रवाशाकडं वळत. शिकवणीच्या क्लासांनी चौकाचौकात गुणवंतांचे फ्लेक्स लावायला सुरुवात केली तेव्हा चाचा वही-पेन्सिल घेऊन शहरभर फिरले आणि एकच मुलगी तीन क्लासांच्या फ्लेक्सवर तीन रंगांच्या ओढण्या घेऊन पहिली आल्याचं त्यांनी हनुवटीवरच्या तिळावरून सिद्ध केलं. मला वाटलं, आता हे काही करतील. त्यांनी फक्त वहीत नोंद केली, खाली तारीख टाकली आणि चहा मागवला.

आमची ओळख पत्रकांमुळं झाली. माझ्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडिलांनी जमवलेल्या गठ्ठ्यांतूनच मी अक्षरं शिकलो, त्यामुळं 'क कमळाचा' याच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. मोठा झाल्यावर मी स्वतःच पत्रकं लिहू लागलो आणि ती टाइप करायला चाचांकडं जाऊ लागलो. चाचा सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा टायपिंगचा क्लास एके काळी भरलेला असे. पुढं गावोगावची पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला लातुरात येऊ लागली आणि टायपिंग शिकायला कुणी उरलं नाही. अकरा मशिनींपैकी दोन राहिल्या. रिकाम्या टेबलांवर चाचांनी जाडजूड इंग्रजी शब्दकोश मांडले आणि शब्दांचे पंचनामे सुरू केले.

हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. त्यांच्याकडं खरोखरच एक लांबलचक रजिस्टर होतं. भूकंपानंतर पडलेल्या घरांच्या नोंदी करायला जी पथकं गेली त्यांत चाचा होते, आणि तेव्हाचे रकाने त्यांनी जसेच्या तसे शब्दांना लावले होते. नाव. मूळ गाव. पहिलं बांधकाम. सध्याची स्थिती. पडझड पूर्ण की अंशतः. खाली दोन पंचांच्या सह्या. शेवटचा रकाना मात्र कुठल्याच सरकारी कागदावर नसलेला, चाचांनी स्वतः वाढवलेला: 'पंच आत गेले होते काय?' पंच म्हणजे एक मी आणि दुसरा समोरचा हॉटेलवाला. हॉटेलवाल्याला इंग्रजीचा गंध नव्हता. तो म्हणायचा, "चाचा, ह्यो शब्द म्या उभ्या जन्मात पाहिला न्हाई, सही कशी मारू?" मग चाचा शब्दकोश त्याच्या कढईपाशी नेत, शब्दावर त्याचं बोट ठेवायला लावत आणि म्हणत, "आता पाहिला न्हवं? मार सही." त्यांच्या शब्दकोशात आजही कित्येक पानांवर भज्यांच्या तेलाचे ठसे आहेत.

बहुतेक शब्दांना अर्धं पान पुरे. एकाच शब्दाला अकरा पानं होती. तो शब्द 'ऑफिशस'. इंग्रजी चांगलं असलेल्या माणसालाही तो सहसा लागत नाही, पण चाचांनी त्याची चारशे वर्षं खणून काढली होती. त्यासाठी ते नांदेडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसत, आणि तिथले कर्मचारी त्यांना पाहिलं की जेवायची सुट्टी जाहीर करत. शब्दाचं मूळ गाव लॅटिन. तिथं अर्थ कर्तव्याचा, सेवेचा. इंग्रजीत आला तेव्हा इज्जतदार होता: दुसऱ्याच्या मदतीला तत्पर, भला माणूस. कुणाचं भलं व्हावं म्हणून बोललेल्या खोट्यालासुद्धा त्या काळी हाच शब्द जोडत. पण थोड्याच वर्षांत भिंतीला चीर गेली. आज त्याचा अर्थ एकच: न बोलावता नाक खुपसणारा, लुडबुड्या.

"मदत करणारा लुडबुड्या झाला, हे कुनाच्या सोयीचं हाय?" चाचा मला विचारत. मी तयारच असे. सत्ताधाऱ्यांच्या, असं मी टेबलावर मूठ आपटून सांगे. चाचा माझ्याकडंही संशयानं पाहत. "उत्तर लई लौकर दिलंस," म्हणत.

अशात मी एका सरांविरुद्ध पत्रक लिहिलं. बिलोलीकडून नुकताच आलेला तरुण सर, एका क्लासात फिजिक्स शिकवणारा. शिकवणी सुटल्यावर तो निवडक पोरांना घेऊन दार लावून बसतो आणि क्लासच्या परीक्षेचे प्रश्न आधीच फोडतो, असं सगळीकडं बोललं जात होतं. मी त्याचं नाव ठळक अक्षरात घातलं. पत्रक वाटलं गेलं असतं तर त्याला लातुरात पुन्हा कुणी खडू हातात दिला नसता, आणि तेच मला हवं होतं. चाचांनी कागद दोनदा वाचला, मशीनवर चढवला नाही. चष्मा काढून एवढंच विचारलं, "बाहिरूनच लिवलंस व्हय?"

मी भडकलो. सगळं शहर बोलतंय, म्हणालो. चाचांनी कागद घडी करून खिशात घातला आणि दोन दिवसांनी ये म्हणाले.

त्या दोन दिवसांत मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की चाचा संध्याकाळी त्याच क्लासात शिरतात आणि तासाभरानं बाहेर पडतात. दुसऱ्या दिवशीही तेच. मला अजून काय पुरावा हवा होता? मी हॉटेलात सगळ्यांदेखत त्यांना म्हणालो, "चाचा, तुम्ही फुटलात." हॉटेलवाल्याचा झारा हवेतच थांबला. चाचांनी बशीतला चहा संपवला. "संशय घेतलास ते ब्येस केलंस," ते म्हणाले. "पर अर्ध्यावर सोडू नगं. चल."

दार खरंच बंद होतं. चाचांनी ते न वाजवता ढकललं. आत नऊ पोरं होती, सगळी खेड्यांतून मराठी शाळा करून आलेली. फळ्यावर प्रश्न होता, पण ते सर प्रश्न सोडवत नव्हते. प्रश्नातला एकेक इंग्रजी शब्द घेऊन त्याचं मराठी करून सांगत होते. गणित पोरांना येत होतं. काय विचारलंय तेच कळत नव्हतं. दार लावून घ्या, ही विनंतीही पोरांचीच होती, कारण बाकीची हसतात. मुरुडची एक मुलगी मला पाहून वही झाकू लागली. तिच्या वहीत 'रिस्पेक्टिव्हली'समोर लिहिलं होतं: 'ज्याचं त्याला'. सर चाचांना पाहून कपाळाला हात लावून म्हणाले, "चाचा, आज तरी मधे बोलू नका." चाचा मागच्या बाकावर बसले आणि चौथ्या मिनिटाला मधे बोलले.

परतताना त्यांनी ते पत्रक खिशातून काढून माझ्या हातात दिलं, आणि कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. भूकंपाच्या नोंदी करताना एका गावात गल्लीच्या टोकाला एका म्हातारीचं घर होतं. चिखल फार होता, पथकाचे साहेब जीपमधून उतरले नाहीत. ते म्हणाले 'अंशतः', चाचांनी लिहिलं 'अंशतः'. आठवड्यानं चाचा राहवेना म्हणून एकटेच गेले. नुसती चौकट उभी होती. चौकटीपलीकडं आभाळ. म्हातारी म्हणाली, "बाहिरूनच लिवलंस व्हय?" तो कागद बदलून घ्यायला चाचा महिनोन्महिने कुणी न सांगता साहेबांच्या दारात उभे राहिले. कागद शेवटी बदलला, पण तोवर म्हातारीचा हिवाळा पत्र्याखाली गेला होता. साहेबांनी त्या वर्षी चाचांच्या गोपनीय अहवालात एकच शब्द लिहिला. तो कुठला, हे मी विचारलं नाही.

आता चाचा नांदेडला मुलीकडं असतात. मी फोन केला की आधी विचारतात, "तूच बोलून राहिलास कशावरून?" हॉटेलवाल्याचं नाव, अकरा मशिनी, सगळं सांगावं लागतं, तेव्हा कुठं खुशाली विचारतात. रजिस्टर माझ्याकडं आहे. 'ऑफिशस'च्या अकरा पानांच्या शेवटी सध्याच्या स्थितीचा रकाना त्यांनी पेन्सिलीनं भरलाय: 'अंशतः पडझड. माणूस राहू शकतो.' खाली आम्हा दोघा पंचांच्या सह्या आहेत. 'पंच आत गेले होते काय?' या रकान्यात हॉटेलवाल्यानं प्रामाणिकपणे 'न्हाई' लिहिलंय.

माझ्या नावापुढची जागा चाचांनी मोकळी सोडली होती. काल मी तिथं 'होय' लिहिलं आणि तारीख टाकली, पेन्सिलीनं नाही, शाईनं.