दोन्हीकडं पूर्ण

सर्व्हरवर 'टी' ही कमांड लिहिताना मला अजून बाबा आठवतात. आंबागडच्या तलावाचं पाणी भैयाजी, म्हणजे माझे बाबा, वाटायचे. पाटात चिखलाचा गोळा लावून ते एकच धार दोन बांध्यांत, म्हणजे भाताच्या दोन खाचरांत, सोडत. एकीकडं जास्त गेलं की दुसरीचा मालक भांडायला हजर, आणि शिव्या मात्र बाबांना.

म्हातारपणी एकदा ते माझ्या लॅपटॉपजवळ येऊन बसले. मी 'टी' कमांड दिली होती आणि ओळी स्क्रीनवर सरकत होत्या. मी सांगितलं, "ह्याच ओळी तिकडं फाइलीतही जाऊन राहिल्या."

"मंग कमी कोणाले पडते?"

"कोणालेच नाही, बाबा. दोन्हीकडं पूर्ण जाते."

त्यांनी सरकत्या ओळींवरून बोट फिरवलं.

"असं पाणी मले एक दिवस तरी भेटाले पाह्यजे होतं," म्हणाले.