दर्याकडे तोंड करून

पास्कूचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो पायपेटीच्या आतून. वालावलला आमच्या दशावतारी कंपनीचा मुक्काम होता, पेटीचा भाता फाटला होता आणि देवबागहून बोलावलेला एक काटक ख्रिस्ती सुतार पेटीत डोकं खुपसून गात होता. मी तेव्हा स्त्रीपार्ट करायचो. अर्धं लुगडं नेसलेला, एका डोळ्यात काजळ घातलेला असा मी तसाच ऐकत उभा राहिलो. त्याने डोकं बाहेर काढलं, मला खालपासून वर बघितलं आणि म्हणाला, "बाये, जरा पाय मारून बघ." मी पाय मारला, पेटी वाजली, आणि पुढची चाळीस वर्षं आमची दोस्ती टिकली.

पास्कू होड्या दुरुस्त करायचा, पेट्या दुरुस्त करायचा, पण त्याच्या वाड्यात त्याला मान होता तो लादाईन, म्हणजे मारियेची प्रार्थना, म्हणणारा म्हणून. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या, मधल्या वाळूच्या पट्टीवर त्यांचा पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस, उभा आहे. दर मे महिन्यात नऊ संध्याकाळी लोक तिथे जमतात. पुढे एकजण मारियेच्या नावाच्या विनंत्या गातो, मागून सगळे साथ देतात. शेवटी उकडलेले चणे वाटतात. मी हिंदू माणूस, पण निदान एका संध्याकाळी तरी जायचोच. खरं सांगायचं तर पास्कूच्या गळ्यासाठी जायचो. आमच्या कंपनीत तसा गळा एकालाही नव्हता, मलाही नाही.

गाणं संपलं की पास्कू वाड्यातली नावं घ्यायचा. आधी गेलेल्यांची, खुरसाकडे तोंड करून. प्रत्येक नावाला लोक म्हणायचे, "त्यांना चिरशांती दे." मग तो एक अक्षर न बोलता पाठ फिरवायचा, दर्याकडे तोंड करायचा आणि समुद्रावर असलेल्यांची नावं घ्यायचा. आता लोक म्हणायचे, "त्यांना सांभाळून आण." पहिली यादी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे त्याने कधी तोंडाने सांगितलं नाही. त्याचं वळणं हेच सांगणं होतं. आमच्या दशावतारातही संहिता नसते. अर्ध्याहून जास्त गोष्ट अंगानेच सांगायची असते, म्हणून मला ते पहिल्याच वर्षी कळलं.

त्या दुसऱ्या यादीत अकरा वर्षं एक नाव शेवटी यायचं. इनास. वाड्यातल्या रोझालीनचा एकुलता एक झील, म्हणजे मुलगा. त्याची होडी उलटली, बरोबरचे दोघे सापडले, इनास सापडला नाही. वर्तमानपत्राने त्याला मेलेल्यात धरलं, सरकारनेही धरलं. रोझालीनने धरलं नाही. तिने त्याच्यासाठी चर्चमध्ये मृताची मिस्सा सांगितली नाही, काळे कपडे घातले नाहीत. पास्कूपाशी एवढंच मागितलं की नाव दर्याकडे तोंड करून घे. पास्कूने कारण विचारलं नाही. तो जिवंत असेल असं त्यालाही वाटत नसावं. पण आईने देवाकडे काय मागावं हे ठरवणारा मी कोण, असं तो मला एकदा म्हणाला होता.

दोन वर्षांपूर्वी घशाच्या दुखण्याने पास्कूचा आवाज गेला. उरली ती घरघर. नावं घेताना तो मध्येच अडायचा, लोक खाली मान घालून वाट बघायचे.

इथे वाड्यातलाच ग्लेन आला. वाईट माणूस नाही, हे आधी लिहून ठेवतो. मुंबईहून परत येऊन त्याने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, खुरसावर पत्र्याची शेड घातली, म्हाताऱ्यांना स्वतःच्या गाडीतून मालवणच्या डॉक्टरकडे नेतो. त्याने पास्कूच्या तरुणपणीच्या लादाईनीची एक जुनी कॅसेट शोधून काढली आणि सांगितलं की आता मशीन हाच आवाज घेऊन पाहिजे ते म्हणू शकतं. तुम्ही फक्त नावं सांगा, अंकल.

पास्कू आधी नको म्हणाला. मशीन प्रार्थना करील ती कोणापुढे, असं त्याने विचारलं. ग्लेनने हसून फोन त्याच्या कानाला लावला. तीस वर्षांपूर्वीचा पास्कू त्यातून गायला, आणि पास्कू कबूल झाला. खुर्चीत बसून त्याने सगळी नावं टेबलावरच्या फोनला सांगितली. मधे सवयीने खुर्चीतल्या खुर्चीत दर्याकडे वळला. फोनने आवाज घेतला. वळणं कोण घेणार? सगळ्या नावांची एकच यादी झाली. त्यातली जी नावं जुन्या बातम्यांत किंवा सरकारी मृत्युनोंदींत सापडली नाहीत ती मशीनने जिवंत म्हणून वेगळी काढली. इनासचं सापडलं, ते गेलेल्यांत राहिलं. ग्लेन नेहमी मागे दिव्यांच्या वायरी बघत उभा असायचा, पास्कूचं वळणं त्याने कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून त्याच्याही लक्षात आलं नाही.

लादाईनीच्या पहिल्या संध्याकाळी माडाला स्पीकर बांधला होता. आवाज सुरू झाला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी टाळी वाजवली. खुरसापुढे कोणी टाळी वाजवत नाही, पण वाजवली, आणि आज ती आठवली की स्वतःच्या हातांची किळस येते. मग नावं सुरू झाली. गोड, खणखणीत, कुठेही न अडता. लोकांना ताल सापडला. प्रत्येक नावाला "त्यांना चिरशांती दे", आणि त्याच तालात इनासचं नाव आलं, आणि त्याच तालात आम्ही सगळे म्हणालो. मीही म्हणालो.

रोझालीनने पास्कूकडे बघितलं. त्याचं तोंड बंद होतं आणि त्याचाच आवाज माडावरून पुढची नावं घेत होता. तिने हातातली मेणबत्ती वाळूत उलटी खुपसली आणि घरी गेली. आवाज थांबला नाही. शेवटी मशीनने स्वतःच्या मनाची एक प्रार्थना जोडली होती, वियोगाच्या दुःखाबद्दल, फार सुंदर शब्दांत. रंगभूमीवर मी खोटं रडलो आहे, खोट्या नवऱ्यासाठी कुंकू पुसलं आहे, पण पुसताना कपाळ माझं होतं. इथे दुःखाला कपाळच नव्हतं.  चणे हातात घेतले ते खाववले नाहीत.

ग्लेन धावत आला. म्हणाला, "अंकल, सॉरी. एका मिनिटात बदलतो, उद्या बरोबर येईल."

पास्कू खुरसाच्या पायरीवर बसला. बोलायला त्याला वेळ लागला. "उद्या बरोबर येयत रे. पण आज तिच्या झिलाक कोणी मारल्यान? तू नाय, मी नाय, त्या मशीनीन पण नाय. मगे गुन्हो कोणाचो?"

 पास्कू माझ्याकडे वळला. "आमचो देव आंग घेऊन इलो, भिकाजी. भुकेलो, दमलो, रडलो. नुसत्या आवाजान काम झाला असता तर तो कित्याक इलो असतो? ह्या मशीनीक तोंड नाय, पाठ नाय. ता दर्याकडे वळतला कसा?" मग म्हणाला, "पाप माझा. माका माझोच आवाज गोड लागलो." हे तो फादरकडे सांगणार होता आणि सांगितलंही, पण आधी रोझालीनकडे जायचं होतं.

सकाळी मी त्याच्याबरोबर गेलो. ती पडवीत बसून सुके बांगडे निवडत होती. बसा म्हणाली नाही.

"काल तूच म्हटलंस," ती म्हणाली.

"आवाज माझो होतो, रोझा. मी नाय होतंय."

"लोकांनी तुझ्या आवाजाक जाब दिल्यानी. अकरा वर्सां मी एकट्या तुझ्यार टेकलंय." ती बांगडे निवडत राहिली. "आता म्हण. हयच म्हण."

पास्कू वळला. तिच्या पडवीतून माडांच्या मधून दर्या दिसतो. त्याने तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. दुसऱ्यांदा घरघर आली. माझा गळा अजून शाबूत आहे. हजार माणसांच्या शेवटच्या रांगेला पोचणारा तो गळा माझ्या तोंडात तयार होता, नावही जिभेवर होतं. मी ओठ दाबून उभा राहिलो. काल एक उसना आवाज तिने ऐकला होता, आज दुसरा द्यायचा नव्हता. पास्कूच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. तिसऱ्यांदा नाव आलं, फाटकं, मधे मोडलेलं, पण आलं.

रोझालीनने बांगडे खाली ठेवले, हात लुगड्याला पुसले, आणि म्हणाली, "त्याला सांभाळून आण."

त्या संध्याकाळी माडावर स्पीकर नव्हता. ग्लेनने स्वतःच सोडवून नेला होता. पास्कूला सगळी नावं घ्यायला फार वेळ लागला आणि लोक वाट बघत उभे राहिले.