दिगूच्या गाडीला लावलेला हात

दिगू गेल्याचा फोन दिगूच्याच नंबरवरून आला. रविवार होता, सकाळचे साडेदहा झाले असतील, आणि मी रोह्याला घराच्या ओट्यावर त्याचीच वाट बघत बसलो होतो. त्याचं नाव दिसलं तेव्हा शिव्या ऐकायच्या तयारीनेच फोन उचलला. पलीकडे अनोळखी माणूस होता. खांबजवळ हायवेला लाल गाडी ट्रेलरखाली गेलीय, म्हणाला, माणसाला बाहेर काढलंय पण... तुम्ही लगेच या. मी पोचलो तेव्हा गाडी अर्धीच उरली होती. फायबरची बॉडी फुटत नाही, फाटते. तिचे धारदार तुकडे डांबरावर लांबपर्यंत पसरले होते आणि एका पोलिसाचा हात त्यांनी कापला होता. स्टिअरिंगचा दांडा सरळ, अखंड होता, जुन्या गाड्यांत असायचा तसा. तो दिगूच्या छातीत कुठवर गेला होता ते मी पाहिलं. ते लिहिणार नाही.

याला तीन महिने झाले. लोक भेटतात, हळहळतात, हौसेपायी गेला म्हणतात, आणि मी मान हलवतो. हे मान हलवणं आता बंद करायचंय, म्हणून लिहायला बसलो. त्या गाडीला मी हात लावला होता आणि दिगूला ते सांगितलं नव्हतं.

दिगू पेणचा, गणपती करणाऱ्या घरातला. आयटीआयला आम्ही एका बाकावर होतो. नखांत प्लास्टर घेऊन यायचा आणि कुणी त्याची कानस जागेवरून हलवली तरी अंगावर जायचा. पहिल्याच महिन्यात त्याने माझा ओठ फोडला, मी त्याचा दात पाडला, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही एका डब्यात जेवत होतो. पुढे मी रोह्याच्या एका कंपनीत फिटर म्हणून चिकटलो आणि त्याने माझ्या बहिणीशी, सुमनशी, लग्न केलं. घरात मी आधी कडाडून विरोध केला होता. हा माणूस हात उचलतो, असं वडिलांना सांगितलं होतं. पण सुमनसमोर त्याचा आवाजसुद्धा चढला नाही कधी. जो काही राग होता तो लोखंडावर, फायबरवर आणि माझ्यावर निघायचा. तिघांपैकी मी एकटाच उलटून मारायचो, म्हणून बहुधा टिकलो.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या विलायती दोन-सीटर गाड्यांचं वेड त्याला कुठून लागलं, देव जाणे. एका जुन्या मासिकातल्या चार फोटोंवरून त्याने पहिला साचा केला. मूर्तीचा साचा जन्मभर काढलेला माणूस तो. गाडीच्या मडगार्डावर हात फिरवून म्हणायचा, ही सोंडच आहे, फक्त आडवी. गणपतीच्या कारखान्यातच त्याने अर्धी जागा अडवली. बॉडी त्याची, खालचा सांगाडा आणि यंत्र माझं, अशी वाटणी होती. आणि त्याच्या घराण्याचा एक नियम त्याने गाडीलाही लावला. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी झाली की तिच्यावर पुन्हा पटाशी चालवायची नाही. त्याआधी ती माती, त्यानंतर देव. गाडीचे हेडलाइट तो सगळ्यात शेवटी बसवायचा आणि एकदा ते बसले की एक नटसुद्धा कुणी हलवायचा नाही. मी हसायचो. म्हणायचो, देवाला सर्व्हिसिंग लागत नाही, गाडीला लागतं. तो हातात असेल ते फेकून मारायचा.

पहिल्या गाडीत मी एका भंगारात निघालेल्या नव्या गाडीचं इंजिन, तिचाच गिअरबॉक्स, पाय टेकताच धरणारे तिचेच डिस्क ब्रेक बसवले. सुरेख पळायची. अलिबागकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ती करायला सांगितली होती. तरुणपणी त्यांनी खरी गाडी चालवली होती. ते आत बसले, किल्ली फिरवली, डोळे मिटून घेतले आणि थोड्या वेळाने म्हणाले की दिसते तीच, पण ही कुणी दुसरीच बाई आहे, तिची साडी नेसलेली. गृहस्थ बिचारे सभ्य, गाडी घ्यायलाही तयार होते. दिगूने दिली नाही. पेणला आणली, हेडलाइट सोडवून काढले, सुमनच्या जुन्या लुगड्यावर नीट ठेवले, आणि मग घण घेतला. मी आडवा गेलो. माझं महिन्याभराचं काम होतं ते. त्याने मला बाजूला हो म्हणून दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा घणाचा दांडा माझ्या खांद्यावर बसला आणि गळपट्टीचं हाड मोडलं. मी जमिनीवर पडून ओरडत होतो आणि तो बॉडीचे तुकडे पाडत होता. सुमन आल्यावरच थांबला. मग त्यानेच मला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं आणि वाटेत रडला.

वर्षभर मी पेणला पाऊल टाकलं नाही. तेवढ्यात त्याने दुसरी गाडी एकट्याने उभी केली. मुंबईच्या भंगार बाजारातून जुना एक्सल, जुनं इंजिन, दोन कार्ब्युरेटर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे बोराएवढे दोन लाल दिवे. सगळं त्या काळातलं. सुमनने बोलावलं म्हणून गेलो. बघितलं, चालवली, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. मग ब्रेक दाबला आणि दुसऱ्यांदा काटा आला. ड्रमवाल्या गाडीला आधी एकदा पायाने जागं करायचं, मग जीव खाऊन पॅडल रोवायचं, तेव्हा कुठे ती थांबायचा विचार करते. मी त्याला समजावलं की तेव्हाच्या रस्त्यावर बैलगाड्या होत्या, आज हायवेला चाळीस टनांचे ट्रेलर पळतात. तो म्हणाला, "खोट्या पायानं पळवायचा तर घोडा कशाला पायजे? तुझा ब्रेक तुझ्या कंपनीत लाव." मी त्याच्या थोबाडीत दिली. त्याने मला रेझिनच्या पिंपावर आपटलं. दोघं पन्नाशी उलटलेले. सुमन चहा घेऊन आली आणि आम्ही मुकाट्याने प्यायलो.

हेडलाइट बसले. आता रविवारी ती घेऊन रोह्याला येतो, म्हणाला, तुझ्या दारात उभी करतो, मग बोल. शुक्रवारी तो कुठल्याशा रबरी पट्टीसाठी मुंबईला गेला आणि मी सुट्टी टाकून पेणला आलो. सुमन शेजारच्या एका लग्नाला गेली होती. दिवसभरात मी पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवल्या. चाकं पत्र्याची, वर चकचकीत टोप्या; बाहेरून काही दिसत नव्हतं. आणि हेडलाइट बसल्यावर दिगू चाक उघडून बघणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. ज्या नियमाला हसत आलो त्याच्याच आडोशाला लपलो. रोह्याला पोचला की सांगायचं, असं ठरवलं होतं. मारलं असतं त्याने. चाललं असतं.

त्या सकाळी दहाच्या सुमारास नागोठण्याहून त्याचा फोन आला होता. हे सुमनशिवाय आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "गाडी चावतेय रे," म्हणाला, "पाय टेकला की धरते. तू हात लावलास काय?"

मी म्हणालो, "नाय."

तो म्हणाला, "मग माझाच पाय चुकत असंल," आणि फोन ठेवला. जन्मात त्याने कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, त्या दिवशी माझ्यावर ठेवला. एक शब्द बोललो असतो, 'डिस्क', तर तो सांभाळून पाय टेकत आला असता.

पुढचं मला एका आदिवासी बाईने सांगितलं. खांबजवळच्या वाडीत राहते, रोजावर जाते. डोक्यावर मोळी घेऊन ती रस्ता ओलांडत होती. मी दहाव्याला पुन्हा तिथे गेलो तेव्हा तीच जवळ आली. "मी मधी व्हते," ती म्हणाली, "त्यानं गाडी थांबवली. मागचा नाय थांबला." दिगूने ड्रमच्या सवयीने सगळा जीव पायात आणला असणार, आणि गाडी जागच्या जागी खिळली. ट्रेलरवाला म्हणतो, त्याला मागचे दिवे दिसलेच नाहीत. ते बोराएवढे दिवे दिगूचे, ब्रेक माझे. ड्रम असते तर ती बाई आज नसती, आणि दिगू कदाचित माझ्या ओट्यावर बसून मला शिव्या देत असता... मी हे पुष्कळदा उलटंसुलटं करून पाहिलं. त्या बाईकडे बघून मला बरं वाटलं आणि तिचा रागही आला, दोन्ही एकदम. असं वाटल्याची लाज आहे, पण वाटलं.

तेराव्यानंतर सुमनला सांगितलं. फोनचंही सांगितलं. ती फायबरच्या कापडाचा गठ्ठा बांधत होती. जवळची कात्री तिने माझ्यावर फेकली. कपाळाला चार टाके पडले. मग ती मला दारापर्यंत ढकलत नेत राहिली, आणि मी मागे मागे होत राहिलो. तीन आठवडे तिने फोन उचलला नाही. मग एका दुपारी तिनेच केला. कारखान्यात तिसरी बॉडी पडून आहे, ती पुरी करायचीय, म्हणाली, ये.

मी गेलो. तिने कपाळाकडे बघितलं, टाक्यांच्या व्रणावरून अंगठा फिरवला. ब्रेक कुठले लावू, मी विचारलं.

"तुजेच लाव. ती बाई जित्ती हाय ना," ती म्हणाली. "पण दादा, जे लावशील ते सांगून लाव."

"कोणाला सांगू गो?"

"ज्याला नाय सांगितलंस, त्याला."

आता मी दर रविवारी पेणला जातो. सुमन एका बाजूला बॉडीला फायबरचं कापड लावत असते, मी सांगाड्याखाली असतो. प्रत्येक वस्तू हातात घेतली की मोठ्याने सांगतो. दिगू, मागचे दिवे मोठे लावतोय. दिगू, हा दांडा मधे दुमडणारा आहे. दिगू, पुढे डिस्क बसवतोय. सांगून झालं की त्याला तावातावाने माझ्यापर्यंत यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा थांबतो. मग नट आवळतो.